वाचक विचारतात : अकरा कादंबऱ्यांची यादी आधी फाडा

मागच्या अंकात इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळी सगळी जागा त्यांनाच दिलीय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची काटछाट केलीय, राग मानू नका.

मी बँकेत आहे, वय ३४. ऑक्टोबर महिनाभर फक्त व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्या वाचायच्या, ह्याला इंग्रजी वाचणारी मंडळी व्हिक्टोबर म्हणतात, हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. यादी केली ती अकरा पुस्तकांची झाली, त्यात ब्लीक हाउस, मिडलमार्च, व्हॅनिटी फेअर, जेन एअर सगळं आलं. रात्री जेवणं उरकल्यावर तासभर मिळतो, क्वार्टर एंडला तोही नाही. सुरुवात कशानं करू? — पुणे

यादी फाडून. खरंच सांगतोय.

तुम्ही बँकेतले, तर हिशोबच करू. इंग्रजी आपली घरची भाषा नाही म्हणून मिनिटाला दीडशे शब्द धरा, तासाला नऊ हजार, म्हणजे महिन्याचे झाले साधारण पावणेतीन लाख, आणि एकटं मिडलमार्च तीन लाखांच्या वर जातं, ब्लीक हाउस साडेतीन लाखांच्या आसपास. अकरा पुस्तकांची यादी म्हणजे महिनाअखेर स्वतःला शिव्या घालायची सोय आहे, दुसरं काही नाही. एक मोठं, एक छोटं, आणि वेळ उरलाच तर एक चिमुकलं, एवढंच बसतं.

पण माझा मुद्दा नुसत्या आकड्यांचा नाहीये. ह्यातली बरीच पुस्तकं एका दमात वाचायला लिहिलीच नव्हती हो. डिकन्सच्या बऱ्याच कादंबऱ्या महिन्याला एक अशा पातळ पुस्तिकांमधून यायच्या, ३२ पानं, दोन चित्रं, पुढेमागे जाहिराती, किंमत एक शिलिंग, आणि अशी एक गोष्ट संपायला दीड वर्षाच्या वर लागायचं. जी हप्त्यानं आली नाहीत ती तीन खंडांत यायची, तिन्हींची मिळून किंमत साडेएकतीस शिलिंग, जी मध्यमवर्गीय माणसाला परवडायचीच नाही, म्हणून लोक म्युडीच्या लायब्ररीत वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरून एका वेळी एक खंड घरी आणायचे. म्हणजे कुठूनही बघा, वाचणारा थांबत थांबतच वाचायचा, मधल्या काळात शेजारणीशी चर्चा करायचा, पुढे काय होईल ह्यावर डोकं लढवायचा. आणि लिहिणाऱ्यालाही हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर हप्ता कुठे तोडायचा ह्यावर एवढी मेहनत असायची. तेव्हा प्लॅन पुस्तकांचा नको, हप्त्यांचा करा.

मोठं पुस्तक म्हणून मी ग्रेट एक्स्पेक्टेशन्स सुचवेन. डिकन्सच्याच ऑल द इयर राउंड नावाच्या साप्ताहिकात १ डिसेंबर १८६० पासून ऑगस्ट १८६१ पर्यंत ३६ हप्त्यांत आलं. (खरं तर तो हे मोठं, महिन्याच्या हप्त्यांचं लिहिणार होता, पण साप्ताहिकात चालू असलेली दुसऱ्या एका लेखकाची कादंबरी लोकांना इतकी कंटाळवाणी वाटली की खप घसरायला लागला, मग मालक स्वतःच मैदानात उतरला.) एक हप्ता साधारण पाच हजार शब्दांचा, म्हणजे रोज दोन हप्त्यांना तुमच्या तासाहून थोडं जास्त लागेल, आणि १८ दिवसांत पुस्तक संपतं.

पहिला हप्ता म्हणजे पहिले दोन चॅप्टर. एवढासा पिप, आईबापांच्या थडग्यांपाशी, तिथे पायात बेडी असलेला कैदी त्याला उलटा करून खिसे रिकामे करतो आणि कानस आणि खायला आण म्हणून दम देतो. घरी बहिणीचा धाक, म्हणून पिप आपल्या वाटणीचा पाव खायचा नाटक करून पँटच्या पायातून आत सरकवतो, बहिणीचा नवरा जो बघतच राहतो की ह्यानं एका घासात एवढा पाव गिळला कसा, आणि मग त्याला पोट साफ व्हायला डांबराचं पाणी पाजतात. पहाटे उठून तो चोरी करतो, धुक्यात दलदलीकडे पळत सुटतो, आणि हप्ता संपला! आता पुढचे सात दिवस लंडनकरांनी काय केलं असेल विचार करा. तुम्हाला निदान उद्यापर्यंत तरी थांबता येईल ना.

त्यानंतर दोनतीन दिवस काहीच वाचू नका, आणि मग गास्केलबाईंचं क्रॅनफर्ड घ्या, १६ चॅप्टर, सत्तरेक हजार शब्द, रोज दोन चॅप्टर म्हणजे आठ दिवस. हे मुद्दाम तुमच्यासाठी काढलंय कारण त्यात एक बँक बुडते. गावातल्या मिस मॅटी नावाच्या वयस्कर अविवाहित बाई, बहिणीच्या सल्ल्यानं सगळी पुंजी त्या बँकेच्या शेअर्समध्ये. कापडाच्या दुकानात उभ्या असताना एक शेतकरी बायकोसाठी शाल घेतो, पाच पौंडांची नोट पुढे करतो, दुकानदार म्हणतो ही ह्या बँकेची नोट आज चालणार नाही. मिस मॅटी काय करतात, तर आपल्या पर्समधली पाच सोन्याची नाणी त्याला देतात आणि ती नोट स्वतः घेतात, म्हणे मी शेअरहोल्डर आहे, आमच्या बँकेमुळे ह्याचं नुकसान का व्हावं! स्वतःला उरतात वर्षाला तेरा पौंड, मग राहत्या घरात चहापत्ती विकायला बसतात. सहकारी बँकांसमोरच्या रांगा बघितलेल्या माणसाला हा प्रसंग वाचताना गंमत वाटते की पोटात कालवतं ते तुम्हीच कळवा.

शेवटी तीनेक दिवस उरलेच तर जेकिल अँड हाइड, दहा चॅप्टर, अवघे २६ हजार शब्द. गोष्टीतलं रहस्य आता शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी लिहिलंय असं की भीती वाटतेच. नाही उरले दिवस तर सोडा, कोणी पावती मागणार नाहीये.

मुलांच्या शाळेची बस गेली की मला दीड तास निवांत मिळतो. वुदरिंग हाइट्स हौसेनं घेतलं पण त्या जोसेफ नावाच्या नोकराचं बोलणं मला काही म्हणजे काही कळत नाही. इंग्रजी मीडियममध्ये शिकूनही ही अवस्था, माझंच काही चुकतंय का? — कोल्हापूर

नाही हो ताई. जोसेफ यॉर्कशरची गावठी बोली बोलतो आणि ती खुद्द लंडनच्या लोकांनाही झेपत नव्हती. हे लिहिणारी एमिली ब्राँटी गेल्यावर १८५० मध्ये नवी आवृत्ती काढताना तिच्या थोरल्या बहिणीनं, शार्लटनं, जोसेफचं बोलणं मुद्दाम सोपं केलं होतं, दक्षिणेकडच्या वाचकांना कळावं म्हणून. बाजारात दोन्ही प्रकार मिळतात, कारण हल्लीचे बरेच संपादक एमिलीचं मूळ १८४७ चंच छापतात. तेव्हा जोसेफ बोलायला लागला की एवढंच धरून चाला की म्हातारा बायबल घेऊन कोणाला तरी शिव्याशाप देतोय, दहातल्या नऊ वेळा बरोबर निघेल, आणि पुढे चला.

खरी अडचण नावांची आहे. दोन कॅथरीन, आई आणि मुलगी, त्यात लिंटन हे एकाचं आडनाव आणि दुसऱ्याचं चक्क पहिलं नाव. पुस्तकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलनं वंशावळ काढा, आपल्याकडे कुळाचारासाठी काढतात तशी, आणि जन्म-लग्न-मृत्यू लिहीत चला. गोष्ट १८०१ पासून सुरू होते आणि लगेच तीस वर्षं मागे जाते, सांगणारी मोलकरीण नेली डीन, ती सगळं खरंच सांगते असंही नाही, तिचेही रागलोभ आहेत, ते पकडण्यात खरी मजा.

आणि शब्दासाठी दर वेळी डिक्शनरी उघडू नका, पानाला एखादाच शब्द बघायचा असा नियम ठेवा. लांबलचक वाक्य आलं तर मोठ्यानं वाचा, घरात कोणी नसतंच तेव्हा, ह्या कादंबऱ्या घरोघरी मोठ्यानं वाचल्या जायच्या आणि वाक्यं कानानं लगेच सुटतात. तरीही जड जात असेल तर हे बाजूला ठेवून जेन एअर उचला. तेही त्याच वर्षीचं, त्याच घरातलं, शार्लटचं, पण एकच मुलगी स्वतःची गोष्ट सरळ सांगते, आणि पहिल्या पानापासून तिची बाजू घ्यावीशी वाटते. खिडकीतल्या बाकावर पडद्याआड मांडी घालून पक्ष्यांचं पुस्तक बघत बसलेली ती दहा वर्षांची पोर, आणि तो दांडगट मामेभाऊ तेच पुस्तक तिच्या डोक्यात फेकून मारतो. तिथून पुढे पुस्तक तुम्हाला ठेववणार नाही.

टपाल खात्यातून रिटायर होऊन चार वर्षं झाली. नातू म्हणतो आजोबा तुम्ही इंग्लिश क्लासिक वाचा. मला खून, भुतं, रडारड नको. — सातारा

काका, तुमच्यासाठी माणूस तयारच आहे. अँथनी ट्रोलप, तुमच्याच खात्यातला! १८३४ मध्ये लंडनच्या पोस्टात क्लार्क म्हणून चिकटला आणि १८६७ पर्यंत नोकरी केली, ब्रिटिश बेटांवर रस्त्याकडेला उभी पत्रपेटी आली ती ह्याच्या शिफारशीवरून, आधी १८५२ मध्ये जर्सी बेटावर. आणि एकूण ४७ कादंबऱ्या, त्यातल्या बऱ्याच ही नोकरी सांभाळून. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, उठवायला येणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. हे सगळं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते तो गेल्यावर १८८३ मध्ये आलं, आणि बऱ्याच लोकांना ते आवडलं नाही, कादंबरी म्हणजे काय सॉर्टिंग आहे का असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला मात्र तो माणूस पटेल असं वाटतं.

द वॉर्डन घ्या, १८५५ चं, लहान आहे. मिस्टर हार्डिंग नावाचे सज्जन पाद्री, बारा म्हाताऱ्या गरीब कामगारांच्या आश्रमाचे प्रमुख, काम थोडं आणि पगार वर्षाला आठशे पौंड. जुन्या दानपत्रातले पैसे खरे तर कोणाचे, असा प्रश्न एक तरुण डॉक्टर काढतो, पेपरवाले उचलून धरतात, आणि गंमत म्हणजे हा डॉक्टर हार्डिंगच्या मुलीच्या प्रेमात असतो. ह्यात दुष्ट कोणीच नाही. हार्डिंगना चेलो वाजवायचा नाद, कोणी फार टोचून बोललं की ते हवेतच न दिसणारा चेलो वाजवायला लागतात, टेन्शन वाढलं की हात जोरात. ट्रस्ट, देणगी, मूळ दात्याची इच्छा, हे वाद आपल्याकडे कुठल्याही देवस्थानात चालतात, त्यामुळे एक शब्दही परका वाटणार नाही. आवडलं तर पुढचं बारचेस्टर टॉवर्स, ते जास्त विनोदी आहे.

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. ह्या कादंबऱ्यांत आपला, म्हणजे हिंदुस्थानचा किंवा महाराष्ट्राचा संबंध कुठे येतो का? की आपण नुसते परक्याच्या घरात डोकावणारे? — सोलापूर

सर, येतो, आणि अगदी तुमच्या शेजारपर्यंत येतो.

आधी वरवरचं सांगतो. व्हॅनिटी फेअर लिहिणारा थॅकरे कलकत्त्यात जन्मला, १८११ मध्ये, आणि त्याच्या कादंबरीतला लठ्ठ जोस सेडली कंपनी सरकारचा कलेक्टर. क्रॅनफर्डमधल्या मिस मॅटीचा हरवलेला भाऊ हिंदुस्थानातून परत येतो आणि गावाला अचाट थापा मारतो. जेन एअरला सेंट जॉन नावाचा पाद्री चक्क हिंदुस्तानी शिकायला लावतो, लग्न करून मिशनरी म्हणून इकडे घेऊन यायचा त्याचा बेत. बहुतेक ठिकाणी हिंदुस्थान म्हणजे पैसा कमवायची किंवा नको झालेलं पात्र पाठवायची जागा, एवढंच.

विल्की कॉलिन्सचं द मूनस्टोन मात्र वेगळं. १८६८ चं. सुरुवात होते श्रीरंगपट्टणच्या पाडावापासून, मे १७९९, टिपूचं शहर पडलं आणि लूट चालू आहे, त्यात एक इंग्रज अधिकारी तीन ब्राह्मण रखवालदारांना मारून एके काळी सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावर असलेला हिरा पळवतो. पुढे तो हिरा यॉर्कशरच्या एका मुलीला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री चोरीला जातो. मागावर तीन हिंदू, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा संशय आधी त्यांच्यावर. कोणी घेतला ते सांगत नाही, पण १८५७ च्या नंतर दहाबारा वर्षांत, जेव्हा तिकडच्या पेपरांत आपल्याबद्दल काय काय छापून येत होतं, तेव्हा एका इंग्रज लेखकानं गोष्ट अशी रचली की मूळ चोर कोण हे वाचकाला विसरताच येऊ नये, हे मला फार मोठं वाटतं. त्याचे हिंदू गूढ, अबोल आणि जादूटोणा करणारेच आहेत, ते नाकारत नाही. पण शेवट काठेवाडात होतो, आणि कॉलिन्सची सहानुभूती कुठे आहे ते तिथे दिसतं.

आता शेजारचं. फिलिप मेडोज टेलर हे नाव तुम्हाला इतिहासामुळे माहीत असेल, निजामाच्या नोकरीतला इंग्रज, शोरापूरला होता, १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्हा त्याच्या हाती आला. त्यानं १८६३ मध्ये तारा नावाची कादंबरी लिहिली, शिवाजी महाराज आणि अफजलखानाच्या काळातली, आणि ती सुरू होते तुळजापुरात, एका शास्त्रीबुवांच्या घरात. म्हणजे सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर एक व्हिक्टोरियन कादंबरी पडलीय आणि कोणी वाचत नाही! संथ आहे, वर्णनं पानंच्या पानं चालतात, इतिहास म्हणून अजिबात वाचू नका, पण हा माणूस दख्खनमध्ये उभी हयात राहिलेला होता, लंडनमध्ये बसून कल्पनेनं लिहिणारा नव्हता. जुन्या पुस्तकांच्या डिजिटल संग्रहांत फुकट मिळते.

आणि उलटा प्रवास बघायचा तर जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स. आज इंग्लंडात त्याला फारसं कोणी वाचत नाही, पण त्या काळी लंडनच्या भानगडींवरच्या त्याच्या स्वस्त कादंबऱ्यांनी आपल्याकडे अक्षरशः धुमाकूळ घातला होता, बऱ्याच देशी भाषांत भाषांतरं झाली. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी मधली स्थिती, १८८५ ची, तिच्यामागे रेनॉल्ड्सच आहे. पुढे १८९० मध्ये हरिभाऊंनी करमणूक साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यात हप्त्याहप्त्यानं दिली. विधवेचं केशवपन, पुण्यातली माजघरं, सगळं शंभर टक्के आपलं, पण साप्ताहिक काढायचं, त्यात स्वतःचीच कादंबरी चालवायची आणि वाचकाला पुढच्या आठवड्यापर्यंत लटकत ठेवायचं, ही तऱ्हा डिकन्सच्या लंडनमधलीच. तेव्हा परक्याच्या घरात डोकावतोय असं वाटून घेऊ नका, आपल्या कादंबरीच्या आजोळी जाऊन येताय.

आमची आठ जणींची भिशी आहे. पैशांसोबत आता पुस्तकाचीही भिशी करायची ठरवलंय, महिन्यात एक, दर रविवारी चर्चा. भांडण होईल असं पुस्तक सांगा. — ठाणे

भांडणच हवंय तर अॅन ब्राँटीचं द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल. तिन्ही बहिणींतली ही धाकटी सगळ्यांत कमी वाचली जाते आणि माझ्या मते सगळ्यांत धीट तीच. १८४८ मध्ये आलं. हेलन नावाची बाई दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याला सुधारायच्या जिद्दीनं लग्न करते, सुधारत नाही, आणि तो लहान मुलाला दारू प्यायला शिकवायला लागतो तेव्हा ती मुलाला घेऊन पळते, खोट्या नावानं राहते, चित्रं विकून पोट भरते. त्यातला एक प्रसंग आधीच सांगतो, कारण त्यानं काही बिघडत नाही: नवऱ्याला तिची डायरी सापडते, पळून जायचा बेत कळतो, तो किल्ल्या काढून घेतो आणि तिची पॅलेट, रंग, ब्रश, सगळं शेकोटीत टाकतो. हात उगारत नाही हं, तिच्या कमाईचं साधन तेवढं जाळतो.

कायद्यानं ती पूर्ण चूक होती. लग्न झालेल्या बाईची मिळकत, मूल, सगळं नवऱ्याचं, तिच्या चित्रांचे पैसेसुद्धा त्याचेच. इंग्लंडमध्ये विवाहित बायकांच्या मालमत्तेचे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. चर्चेच्या वेळी आपल्या रखमाबाईंची केस शेजारी ठेवा. लहानपणी लग्न झालेलं, नांदायला जायला नकार, नवरा १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात गेला, आणि १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं महिनाभरात सासरी जा नाहीतर सहा महिने तुरुंग, ह्या म्हणाल्या तुरुंग चालेल. ज्या कायद्यानं हे झालं तो आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता, इंग्रजांच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला, आणि खुद्द इंग्लंडनं त्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ह्यावर तुमचा एक रविवार सहज जाईल.

चार रविवारांची वाटणी आपोआप होते. पहिले १५ चॅप्टर एक तरुण शेतकरी सांगतो, शेजारी आलेल्या ह्या गूढ बाईबद्दल, १६ ते ४४ तिची डायरी, ती दोन आठवड्यांत करा, तिसाव्याशी थांबून, आणि ४५ ते ५३ शेवटचा आठवडा. तो तरुण अधूनमधून फार चिडका वागतो, तो आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या असे तुमचे दोन गट पडतीलच.

विकत घेताना एक बघा. पुस्तक जे. हॅलफर्ड ह्याला लिहिलेल्या पत्रानं सुरू होतंय का? अॅन गेल्यावर शार्लटनं हे पुस्तक पुन्हा छापू दिलं नाही, नंतर १८५४ मध्ये एक कापाकापी केलेली स्वस्त आवृत्ती निघाली आणि तीच पुढे कित्येक प्रकाशकांनी छापत नेली. ते सुरुवातीचं पत्र नसेल तर आत आणखीही बरंच गायब आहे असं समजा आणि दुसरी प्रत मागा.

रेक्टर, व्हिकार, क्युरेट ह्यात मोठा कोण? आणि गिनी म्हणजे किती? दर पानाला अडखळतो. — नागपूर

तिघंही चर्चचे पाद्रीच. रेक्टरला गावच्या चर्चचा सगळा दशांश (गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मिळायचा, व्हिकारला त्यातला काही भाग, आणि क्युरेट म्हणजे ठरावीक पगारावर राबणारा मदतनीस, कादंबरीत तो बहुतेक गरीब आणि प्रेमात पडलेला असतो. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, २१ शिलिंगांची गिनी. आजच्या रुपयांत करत बसू नका, उत्पन्नं एकमेकांशी ताडून बघा: जेन एअरला गव्हर्नेस म्हणून राहून-खाऊन वर्षाला तीस पौंड, आमच्या मिस मॅटीला तेरा, आणि वरच्या हार्डिंगसाहेबांना आठशे. पात्र कुठल्या पायरीवर उभं आहे ते लगेच कळतं.

डोंबिवली ते चर्चगेट, जाऊन येऊन रोज तीनेक तास. उभं राहून पुस्तक धरता येत नाही. ऑडिओबुक ऐकलं तर वाचलं म्हणायचं का? — डोंबिवली

म्हणायचं! ह्या लोकांनी वाचलेलं ऐकण्यासाठीच लिहिलंय अर्धं. लिब्रीव्हॉक्स ह्या वेबसाइटवर हौशी मंडळींनी फुकट वाचून ठेवलेत, आवाज मात्र बरेवाईट असतात, एका कादंबरीचे दोनतीन प्रकार असतील तर प्रत्येकाची पाच मिनिटं ऐकून मग ठरवा. गर्दीत एकदम वर्णनं डोक्यात शिरत नाहीत, म्हणून रहस्यवालं घ्या, कॉलिन्सचं द वूमन इन व्हाइट, सांगणारी माणसं बदलत राहतात त्यामुळे डुलकी लागत नाही. त्यातला काउंट फॉस्को, पांढरे उंदीर अंगाखांद्यावर खेळवणारा तो गोड बोलणारा जाड्या खलनायक, दादरला शिरणाऱ्या लोंढ्यातही कान सोडत नाही. सिनेमा-सिरीयल आधी बघावी का असंही विचारलंय, नावं-चेहरे लक्षात राहायला बघा खुशाल, फक्त शेवटचा एपिसोड राखून ठेवा.

मिडलमार्च तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. लोक म्हणतात सगळ्यांत थोर कादंबरी. मी काय करू? — डॅलस, मूळ नाशिक

महिन्याच्या प्लॅनमधून काढा पहिलं. जॉर्ज इलियटबाईंनी ते आठ भागांत काढलं, डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२, पूर्ण वर्ष. त्या आठ भागांना प्रत्येकी एक आठवडा द्या, भाग साधारण चाळीस हजार शब्दांचा.

मूळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एक डोरोथियाची आणि एक लिडगेट ह्या नव्या डॉक्टरची, लिहिता लिहिता बाईंनी त्या एकत्र केल्या. त्यामुळे ज्यांना डोरोथियाचा हट्टी साधेपणा झेपत नाही ते डॉक्टर रंगात यायच्या आतच पुस्तक ठेवून देतात, तुमचंही तेच झालं असणार. तो नीट येतो पंधराव्या चॅप्टरमध्ये. तिथपर्यंत कसंही करून या, हवं तर सुरुवातीचं ते संत तेरेसावालं पानभर प्रास्ताविक सोडून थेट पहिल्या चॅप्टरला जा, जिथे दोघी बहिणी आईचे दागिने वाटून घेतायत. डोरोथिया म्हणते मला काही नको, सगळं तू घे, मी असलं घालत नाही. मग पाचूच्या अंगठीवर उन्हाची तिरीप पडते, आणि बाईसाहेब ती अंगठी आणि जोडीचं ब्रेसलेट ठेवून घेतात, वर धाकटीवरच चिडतात. हे वाचून हसू आलं तर पुस्तक तुमचं आहे. नाहीच आलं तर सरळ सोडा आणि त्याच बाईंचं सायलस मार्नर घ्या, चौपटीनं लहान आहे.

(आणि हा प्रश्न तिघांनी विचारलाय) पुस्तकाच्या सुरुवातीला प्राध्यापकांची तीस-चाळीस पानी प्रस्तावना असते ती आधी वाचायची का?

अजिबात नाही! कोण मरतं, कोणाचं लग्न होतं, अडगळीच्या खोलीत कोण आहे, सगळं ते दुसऱ्या पानावर सांगून मोकळे होतात, कारण त्यांनी धरलेलंच असतं की तुम्ही कॉलेजात वाचलंय. ग्रेट एक्स्पेक्टेशन्सच्या प्रस्तावनेत तर हमखास त्याच्या दोन शेवटांची चर्चा असते, डिकन्सनं आधी एक लिहिला होता आणि बुलवर-लिटन ह्या मित्राच्या सांगण्यावरून छपाईच्या आधी बदलला. बऱ्याच प्रतींत तो मूळ शेवट मागे परिशिष्टात असतो. आधी छापील शेवट वाचा, मग परिशिष्ट, मग प्रस्तावना, आणि दोघांतला कुठला शेवट बरोबर वाटला ते पुढच्या अंकासाठी कळवा, पोस्टकार्डावर मावेल एवढंच.